जगाच्या वेळेचे राखणदार

मंडळी, एक काळ असा होता की आपल्याकडे खेड्यापाड्यांत घड्याळ लावायचे ते रेडिओवर. बातम्यांच्या आधी वेळ सांगितली जाई, आणि घरातले कोणी तरी स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकवी. शाळेची घंटाही त्याच वेळेवर पडे. आज खिशातल्या मोबाइलला कोणी किल्ली देत नाही, की त्याचा काटा सरकवीत नाही. तो आपला बरोबर वेळ दाखवतो. इतकेच नव्हे, तुमचा मुलगा लंडनला नोकरीला असेल, तर तिथे या घटकेला किती वाजले आहेत, तेही दाखवतो.

आता हे दिसते तितके सोपे नाही बरे का. लंडन उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेपाच तास. कारण मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची मंडळी घड्याळे तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे आणतात. अमेरिकेत हेच वेगळ्या रविवारी होते. दुबईत होतच नाही. मग सातारा जिल्ह्यातल्या एखाद्या आईच्या फोनला हे सारे कोणी शिकवले?

शिकवले एका वहीने. आजची हकिकत त्या वहीची, आणि ती सांभाळणाऱ्या माणसांची आहे.

फोनला जाळ्यावरून जगाची एक सामाईक वेळ मिळते. पण ती वेळ आपल्या गावची करायची, तर त्यात किती मिळवायचे किंवा वजा करायचे, याचा तक्ता हवा. तो तक्ता म्हणजे ही वही. इंग्रजीत तिला ‘टाइम झोन डेटाबेस’ म्हणतात. जगातल्या देशोदेशींच्या वेळा, त्या कोणत्या तारखेला बदलल्या, पुढे कधी बदलणार आहेत, हे सारे तिच्यात ओळीवार लिहिलेले असते. भारतासाठी ‘एशिया/कोलकाता’ या नावाची नोंद आहे आणि तिच्यापुढे साडेपाच तासांचा आकडा आहे. अँड्रॉइडचा फोन असो, आयफोन असो, की मोठमोठ्या कचेऱ्यांतले संगणक असोत, बहुतेक हीच वही उघडून पाहतात.

आणि गंमत अशी, की ही वही कोणत्या राजाची नाही, सरकारची नाही, कंपनीची नाही. ती फुकट आहे. कोणीही घ्यावी, वाचावी, चूक सापडली तर कळवावी. यालाच आजच्या भाषेत ‘ओपन सोर्स’ची पद्धत म्हणतात. हा शब्द नवा आहे, म्हणून थोडा उलगडून सांगतो.

खाणावळीत आपण भाकरी विकत घेतो. भाकरी मिळते, पण पीठ कसे मळले, तवा किती तापवला, ती कृती काही मिळत नाही. संगणकाचे बरेचसे प्रोग्रामही असेच विकले जातात. काम मिळते, कृती मिळत नाही. १९८३ साली अमेरिकेतल्या रिचर्ड स्टॉलमन या गृहस्थांनी जाहीर केले की, मी कृतीसकट देईन. कोणीही वापरा, शिका, बदला, दुसऱ्याला द्या. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘लिनक्स’ सुरू केले. पुढे तेही याच रीतीने उघडे केले, आणि आज प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच आहे. या पद्धतीला ‘ओपन सोर्स’ हे नाव पडले ते १९९८ साली.

पण कृती उघडी ठेवली म्हणजे काम संपले असे नाही. सार्वजनिक विहीर खणून झाली, तरी दर उन्हाळ्यात गाळ काढावा लागतो, दोर बदलावा लागतो, काठाचा ढासळलेला दगड बसवावा लागतो. हे काम अंगावर घेणाऱ्याला तिकडे ‘मेंटेनर’ म्हणतात. आपण त्याला राखणदार म्हणू. तो बहुधा पगारी नसतो. दिवसभर पोटापाण्याचा उद्योग करून रात्री किंवा रविवारी तो हे काम करतो.

वेळेच्या वहीचा पहिला राखणदार आर्थर डेव्हिड ओल्सन. अमेरिकन सरकारच्या आरोग्य-संशोधन संस्थेत हे नोकरीला होते. १९८६ च्या सुमारास त्यांनी ही वही धरली. त्यांना मोठे साह्य झाले ते लॉस एंजल्सच्या विद्यापीठातले पॉल एगर्ट यांचे. देशोदेशींची माणसे त्यांना पत्रे पाठवीत: आमच्या देशात अमुक साली घड्याळे पुढे केली होती, हा घ्या सरकारी हुकूम, तुमच्या नोंदीत अमुक चूक आहे, ती सुधारा. दोघे ते तपासून वहीत उतरवीत.

हे काम किती कटकटीचे असेल, याचे दोन नमुने सांगतो.

पॅसिफिक महासागरात सामोआ नावाचा छोटा देश आहे. त्यांचा व्यापार ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडशी, पण तारीख मात्र अमेरिकेच्या बाजूची. म्हणून त्यांनी ठरवले की बाजू बदलायची. २९ डिसेंबर २०११ ला, गुरुवारी रात्री, लोक झोपले आणि उठले ते शनिवारी, ३१ तारखेला. ३० डिसेंबर हा दिवस त्या देशात उगवलाच नाही! हे वहीत बिनचूक उतरवायचे होते.

दुसरा नमुना लेबनॉनचा. २३ मार्च २०२३ ला, गुरुवारी, तिथल्या सरकारने जाहीर केले की येत्या रविवारी घड्याळे पुढे करायची नाहीत, रमजान संपेपर्यंत थांबायचे. म्हणजे हातात उरले दोनतीन दिवस. राखणदारांनी त्याच दिवशी नवी आवृत्ती काढली. पण देशातल्या काही संस्थांनी आणि चर्चने हा हुकूम मानला नाही. एकाच शहरात दोन वेळा सुरू झाल्या. सोमवारी मंत्रिमंडळाने हुकूम फिरवला. दुसऱ्या दिवशी, २८ मार्चला, वहीची आणखी एक आवृत्ती निघाली आणि आधीचा बदल मागे घेतला गेला. पाच दिवसांत दोन वेळा धावपळ, आणि दाम शून्य.

आता मुख्य प्रश्नाकडे येऊ. या राखणदारांचे आपल्याला देणे काय लागते? आपण त्यांना एक पैसा दिलेला नाही. दान मिळालेल्या गाईचे दात मोजू नयेत, असे आपण म्हणतो. ओपन सोर्सच्या बहुतेक परवान्यांत तसे लिहिलेलेच असते: जसे आहे तसे घ्या, हमी काही नाही. कायद्याने पाहिले तर देणे काहीच लागत नाही.

पण मंडळी, कायदा संपतो तिथे माणुसकीचा व्यवहार सुरू होतो. गावाने एकदा विहिरीवर विसंबायचे ठरवले, आपापले जुने आड बुजवले, तर विहीर राखणाऱ्यावर काही भार आपोआप येतो. तो भार किती आणि कुठवर, हे या वहीच्या इतिहासातूनच नीट समजते.

पहिली गोष्ट नावांची. वहीत आपल्या देशाची नोंद पूर्वी ‘एशिया/कलकत्ता’ अशी होती. २००१ साली शहराचे नाव कोलकाता झाले, आणि पुढे वहीतले नावही बदलले. पण जुने नाव पुसले नाही. जुनी नावे ठेवण्यासाठी वहीत एक वेगळे प्रकरणच आहे, आणि तिथून नव्या नावाकडे बोट दाखवलेले आहे. का? तर जगात कुठे तरी एखाद्या जुन्या संगणकात ‘कलकत्ता’ लिहिलेले असेल. नाव पुसले तर त्याचे घड्याळ चुकेल. २०२२ साली युक्रेनच्या राजधानीचे ‘कीव्ह’ हे नाव ‘किइव्ह’ असे केले, तेव्हाही असेच झाले. राखणदाराचे पहिले देणे हे: लोक ज्या पायरीवर पाय ठेवतात, ती न सांगता काढू नये.

दुसरी गोष्ट किल्ली सोपवण्याची. ओल्सन यांची निवृत्ती जवळ येत होती. आपल्यामागे वही कोणाकडे जाणार, याचा विचार त्यांनी आधीच सुरू केला होता आणि सर्वांशी उघडपणे चर्चा चालवली होती. तेवढ्यात संकट आले. ३० सप्टेंबर २०११ ला ‘ॲस्ट्रोलेब’ नावाच्या कंपनीने बोस्टनच्या न्यायालयात ओल्सन आणि एगर्ट या दोघांवर फिर्याद केली. ही कंपनी कुंडलीचे सॉफ्टवेअर विकणारी. तुम्ही म्हणाल, घड्याळाच्या वहीशी कुंडलीवाल्यांचा काय संबंध? पण आपल्याकडे पत्रिका मांडणाऱ्याला विचारा. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या युद्धाच्या काळात भारताची घड्याळे तासभर पुढे होती. त्या काळातल्या जन्मवेळेतून एक तास वजा केला नाही, तर लग्न चुकते. तेव्हा कुंडलीसाठी जुन्या वेळांची माहिती लागतेच. कंपनीचे म्हणणे असे की, जुन्या वेळांच्या एका ॲटलासचे हक्क आमच्याकडे आहेत आणि तुम्ही त्यातली माहिती वापरली.

६ ऑक्टोबरला ओल्सन यांनी वहीचे दार बंद केले. सबंध जग जिच्यावर विसंबले, ती वही दोन खाजगी माणसांच्या डोक्यावर उभी होती, हे त्या दिवशी पुष्कळांना प्रथमच कळले. परंतु तयारी झालेली होती. इंटरनेटवरची नावे आणि क्रमांक सांभाळणारी ‘आयकॅन’ ही संस्था पुढे आली आणि १४ ऑक्टोबरला तिने वही आपल्या छपराखाली घेतली. फेब्रुवारी २०१२ मध्ये कंपनीने फिर्याद मागे घेतली आणि मान्य केले की इतिहासातली घटना कोणाच्या मालकीची नसते. त्याच महिन्यात वही कशी चालवायची याचे लेखी नियम प्रसिद्ध झाले. राखणदार कसा नेमायचा, त्याच्या निर्णयावर कुणाची तक्रार असेल तर दाद कोणाकडे मागायची, हे सारे त्यात आले. एगर्ट नवे राखणदार झाले. आठ दिवसांत घरोघरचे घड्याळ एका हातातून दुसऱ्या हातात गेले, आणि आपल्याला पत्ताही लागला नाही.

तिसरी गोष्ट भांडणाची. तीही सांगितली पाहिजे, कारण भांडणाशिवाय सार्वजनिक काम असते असे मी म्हणालो, तर तुम्हीच हसाल.

वहीचा एक नियम आहे. ज्या दोन ठिकाणांच्या वेळा १९७० नंतर कधी निराळ्या झाल्या, त्यांनाच स्वतंत्र नोंद मिळते. १९७० च्या आधी कितीही फरक असो, त्यासाठी वेगळी नोंद नाही. आपल्या घरचेच उदाहरण घ्या. १ जानेवारी १९०६ पासून भारताची प्रमाणवेळ सुरू झाली, पण मुंबईच्या नगरपालिकेने ती मानली नाही. शहरात ‘मुंबई टाइम’ चालत राहिला, तो थेट स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे. हा टाइम प्रमाणवेळेच्या एकोणचाळीस मिनिटे मागे. म्हणजे स्टेशनावर बारा वाजले, तेव्हा शहरातल्या घड्याळात अकरा वाजून एकवीस मिनिटे. आजच्या वहीत या ‘मुंबई टाइम’ला स्वतंत्र नोंद नाही. १९३० साली गिरगावात जन्मलेल्या माणसाची जन्मवेळ घड्याळात जशी दिसली तशी लिहिलेली असेल, तर संगणक ती प्रमाणवेळ धरून चालेल आणि एकोणचाळीस मिनिटांनी चुकेल.

२०२१ साली एगर्ट यांनी ठरवले की हा नियम सर्वांना सारखाच लावायचा. नॉर्वेचे ऑस्लो आणि जर्मनीचे बर्लिन यांच्या वेळा १९७० पासून एकच आहेत. तेव्हा ऑस्लोची स्वतंत्र नोंद काढून बर्लिनकडे बोट दाखवायचे. ऑस्लोचा जुना इतिहास बाजूच्या वहीत ठेवायचा. त्यांचे म्हणणे न्यायाचे होते: आफ्रिकेतल्या कित्येक देशांच्या नोंदी याच नियमाने पूर्वीच एकत्र केल्या, मग युरोपालाच वेगळा न्याय का? त्यावर अनेकांनी कडाडून विरोध केला. ते म्हणाले, आमच्या देशाच्या जुन्या तारखा आजवर बरोबर येत होत्या, आता चुकतील. न्याय द्यायचा तर सर्वांचा इतिहास ठेवून द्या, सर्वांचा काढून नको. हेही म्हणणे खोटे नव्हते.

वाद महिनोन्महिने चालला. बदल टप्प्याटप्प्याने झाले आणि २०२२ मध्ये पुरे झाले. ज्यांना जुन्या तारखा हव्या होत्या, त्यांनी बाजूची वही जोडून आपली प्रत तयार केली. कृती उघडी असल्यामुळे हे करता आले. कोण बरोबर, याचा निवाडा मी करीत नाही. मुद्दा एवढाच की राखणदाराने आपले कारण चारचौघांत मांडले, विरोध ऐकून घेतला, जुने जाळून टाकले नाही, आणि न पटणाऱ्याला वेगळी वाट मोकळी ठेवली. सर्वांचे ऐकले म्हणजे सर्वांच्या मनासारखे झाले असे होत नाही. पण कारण कळण्याचा हक्क पाणी भरणाऱ्या प्रत्येकाला आहे.

या तीन गोष्टी जिथे पाळल्या गेल्या नाहीत, तिथे काय झाले तेही थोडक्यात पाहा. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरचा, नावाच्या हक्कावरून, प्रोग्राम ठेवणाऱ्या भांडाराशी तंटा झाला. रागाच्या भरात त्याने आपले सगळे प्रोग्राम भांडारातून उचलून नेले. त्यात एक होता अवघ्या अकरा ओळींचा. शब्दाच्या डाव्या बाजूला जागा भरून तो रांगेत बसवायचा, एवढेच त्याचे काम. पण हजारो ठिकाणी तो वापरलेला होता, आणि त्या सगळ्या ठिकाणी काम अडले. भांडारवाल्यांनी दोनएक तासांत तो परत ठेवला. त्या माणसाचा राग खोटा नसेलही. पण त्याची झळ पोचली ती ज्यांचा या तंट्याशी काही संबंध नव्हता त्यांना.

दुसरी गोष्ट याहून वाईट. ‘एक्सझेड’ नावाचा, माहिती दाबून लहान करणारा एक प्रोग्राम आहे. तोही असाच, एकाच माणसाने वर्षानुवर्षे बिनपगारी सांभाळलेला. २०२२ मध्ये काही अनोळखी माणसे त्याच्यामागे लागली: काम हळू चालले आहे, जमत नसेल तर दुसऱ्याच्या हाती द्या. आणि मदतीला एक ‘दुसरा’ नेमका हजर होता. तो दोन वर्षे इमानाने राबला, विश्वास मिळवला, किल्ली मिळवली. आणि २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्याने प्रोग्रामात चोरदरवाजा बसवला. जगभरच्या लिनक्स संगणकांत शिरण्याची ती वाट होती. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनियराला आपल्या संगणकाला आत घ्यायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो असे दिसले. त्याने ते अर्ध्या सेकंदाचे कोडे सोडले नाही, शोध घेतला, आणि २९ मार्च २०२४ ला ते जगापुढे मांडले. थोडक्यात वाचले.

इथे दोष थकलेल्या राखणदाराला द्यावा, असे मला वाटत नाही. पाणी सारे गाव भरते आणि गाळ एकटा माणूस काढतो. तो वाकला की काठावरून ओरडायला माणसे मिळतात, पण फावडे घेऊन उतरायला मिळत नाहीत. अशा वेळी जो पहिला उतरेल, त्याचे कुळ-मूळ कोण विचारणार?

तेव्हा राखणदाराचे देणे मी असे मांडतो. जन्मभराची चाकरी त्याच्याकडे मागू नये. तो थकला, कंटाळला, तर जाण्याची त्याला मोकळीक आहे. पण जाताना सांगून जावे, आणि तेही वेळेवर. किल्ली पारखलेल्या हातात, चारचौघांसमोर द्यावी. जुनी पायरी न सांगता काढू नये. आणि बदलाचे कारण लोकांना सांगावे. एवढे केले की तो सुटला.

बाकीचे देणे आपले, म्हणजे वापरणाऱ्यांचे. ज्या कंपन्या या फुकट कामावर आपला धंदा उभारतात, त्यांनी पैसा आणि माणसे द्यावीत. सरकारांनी घड्याळ बदलायचे तर महिनोन्महिने आधी सांगावे. लेबनॉनसारखे दोन दिवस आधी नव्हे. आणि तुमच्याआमच्यासारख्यांनी निदान त्या कामाची ओळख ठेवावी.

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवतो. एखाद्या दिवशी वर्गात जगाचा नकाशा लावा. फोनमध्ये सामोआ, लंडन, कोलकाता यांच्या वेळा काढून मुलांना फरक मोजायला सांगा. मग विचारा, हे फोनला कोणी सांगितले? मुले म्हणतील, कंपनीने. तेव्हा त्यांना या वहीची हकिकत सांगा. आणि त्यानंतर एक घरचा अभ्यास द्या: आपल्या गावात असे कोणते काम आहे की जे एकच माणूस सांभाळतो, आणि उद्या तो नसला तर सगळ्यांचे अडेल? वाचनालयाची किल्ली असेल, नळयोजनेची चावी फिरवणारा असेल, स्मशानातली लाकडे मोजून देणारा असेल. मुलांनी त्या माणसाकडे जावे, त्याचे काम विचारून घ्यावे, आणि ते वहीत उतरवून काढावे.

त्यातला एखादा मुलगा किंवा मुलगी त्याला म्हणेल, “काका, मला शिकवता का?” किल्ली सोपवण्याची सुरुवात तिथूनच होते.